‘आकांक्षेचा धोका’ : अॅस्पिरेशन या शब्दाचे मराठीत काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषांतराच्या कामात तुम्ही नवे आहात आणि एकाच महिन्यात तुमच्याकडे तीन मजकूर आले : पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना देण्याचे माहितीपत्रक, मानेवरच्या गाठीच्या तपासणीचे संमतिपत्र आणि भाषाविज्ञानाच्या प्रथम वर्षाची टिपणे. तिन्हींमध्ये ‘अॅस्पिरेशन’ हा शब्द आहे. काम देणाऱ्या संस्थेने पुरवलेल्या संज्ञासूचीत त्याच्यापुढे ‘आकांक्षा’ एवढा एकच शब्द आहे, आणि सॉफ्टवेअरने त्या सूचीला प्रमाण मानून पहिल्या मजकुरात ‘रुग्णाला आकांक्षेचा धोका आहे’ असे वाक्य तयार करून दिले. तिन्ही ठिकाणी चालेल असा एक मराठी शब्द आहे का, आणि नसेल तर ‘अॅस्पिरेशन’ असेच देवनागरीत लिहून मोकळे व्हावे का, असे तुम्ही विचारता.

दोन्ही प्रश्नांचे छोटे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र दुसऱ्या ‘नाही’ला अपवाद आहेत, आणि ते मजकूर कोणाच्या हातात पडणार यावर अवलंबून आहेत. मी गेली २२ वर्षे मुख्यतः वैद्यकीय मजकुरांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो आणि त्याआधी काही वर्षे भाषाविज्ञान शिकवत होतो, त्यामुळे हा शब्द मला दोन्ही दारांतून भेटलेला आहे. दोन्हीकडे त्याने मला एकेकदा तोंडघशीही पाडले आहे.

सॉफ्टवेअरच्या वाक्याला हसू येते, परंतु त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी सांगितले आहे की, पदांचे मिळून अर्थपूर्ण वाक्य होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी लागतात. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली गरज. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ एवढे म्हटल्याने वाक्य होत नाही, कारण त्यात कोणालाच कोणाची गरज नाही. योग्यता म्हणजे अर्थाने एकमेकांशी जुळणे. ‘अग्नीने शिंपतो’ हे व्याकरणाने शुद्ध असले तरी शिंपण्याची योग्यता अग्नीत नाही. सन्निधी म्हणजे पदे वेळेवर, जवळजवळ उच्चारली जाणे. तुमच्या त्या वाक्यात सन्निधी आहे, आकांक्षा तर दोन्ही अर्थांनी आहे. नाही ती फक्त योग्यता. संज्ञासूचीला योग्यता कळत नाही, ती माणसालाच पाहावी लागते, आणि म्हणूनच हे काम अजून आपल्याकडे आहे.

माझी रीत अशी आहे की, असा शब्द आला की मी प्रतिशब्दाच्या मागे आधी लागतच नाही. त्या वाक्यात काय हलते आहे, ते कुठून कुठे जाते आहे, आणि ते कोणी मुद्दाम करते आहे की आपोआप घडते आहे, एवढे मी पाहतो. ते कळले की नाम बाजूला ठेवून मराठी क्रियापद शोधतो. इंग्रजीला घडलेल्या गोष्टीचे नाम करून ठेवण्याची सवय आहे. मराठीत तीच गोष्ट ‘जाणे, ओढणे, सोडणे, धरणे’ अशा क्रियापदांत अधिक सहज बसते.

हे पटण्यासाठी शब्दाचे मूळ थोडे पाहू. लॅटिनमध्ये ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे किंवा फुंकणे, आणि त्याला ‘कडे, वर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘अस्पिरारे’ झाले : एखाद्या गोष्टीवर फुंकर घालणे. लॅटिन कवीने काव्याच्या आरंभी ‘देवहो, माझ्या या कार्यावर फुंकर घाला’ अशी विनवणी केली आहे, ती याच क्रियापदाने. शिडात अनुकूल वारा भरावा तशी ती कल्पना आहे. पुढे या श्वासाला फाटे फुटले. एखाद्या गोष्टीकडे जीव लागणे हा एक, उच्चाराबरोबर हवेचा झोत बाहेर सोडणे हा दुसरा, आणि हवा किंवा द्रव आत ओढणे हा तिसरा. गंमत अशी की, याच घडणीचा एक शब्द आपल्याकडेही आहे. ‘श्वस्’ या धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आश्वासन’ होते. मुळात ते जिवात जीव येणे, धीर येणे या अर्थाचे. म्हणजे घडण पाहिली तर अॅस्पिरेशनचा सख्खा भाऊ शोभावा असा शब्द आश्वासन हा आहे, आणि आज त्याचा मुक्काम निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत आहे. व्युत्पत्तीवरून प्रतिशब्द काढण्याचा मोह झाला की मी हे उदाहरण आठवतो.

आता तुमचा पहिला मजकूर. तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण तो चुकला तर वाचणाऱ्याच्या घरातल्या माणसाला अपाय होऊ शकतो. आपण घास गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, श्वासनलिकेच्या तोंडावरची झाकणी खाली कलते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो; हे सारे एका सेकंदाच्या आसपास आटोपते आणि घास मागच्या बाजूने अन्ननलिकेत उतरतो. पक्षाघातानंतर ही जुळवाजुळव उशिरा किंवा अर्धवट होते. मग घास, पाणी किंवा रुग्णाची स्वतःचीच लाळ स्वरतंतूंच्या खाली उतरून श्वासनलिकेत जाते. त्या माहितीपत्रकातील अॅस्पिरेशन हे आहे. हलते ते अन्न, पाणी किंवा लाळ. जाते ते घशातून श्वासनलिकेत. आणि ते आपोआप, नको असताना घडते. ‘अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाणे’ हे त्याचे मराठी आहे. घराघरांत यासाठी ‘पाणी छातीत गेलं’, ‘घास चुकीच्या नळीत गेला’ असे म्हणतात, आणि नातेवाइकांसाठीच्या पत्रकात मी त्यातले एखादे वाक्य आवर्जून ठेवतो.

इथे दोन बारकावे आहेत. पदार्थ स्वरयंत्राच्या तोंडाशी शिरला पण स्वरतंतूंच्या वरच थांबला, तर वैद्यकीय इंग्रजीत त्याला अॅस्पिरेशन म्हणत नाहीत. त्याला पेनिट्रेशन असे वेगळे नाव आहे. तज्ज्ञांसाठीच्या मजकुरात दोन्हींना ‘श्वासमार्गात जाणे’ असे लिहिले तर अहवालाचा अर्थच बदलतो, म्हणून मी ‘स्वरतंतूंच्या वर थांबणे’ आणि ‘स्वरतंतूंच्या खाली उतरणे’ असे फोडून लिहितो. दुसरा बारकावा ‘सायलेंट अॅस्पिरेशन’चा. याचे ‘मूक अॅस्पिरेशन’ असे भाषांतर मी अनेकदा पाहिले आहे आणि ते निरुपयोगी आहे. गिळण्याच्या तपासणीसाठी १९९६ साली प्रसिद्ध झालेली आठ पायऱ्यांची एक मोजपट्टी आजही वापरात आहे. तिच्या आठव्या, म्हणजे सर्वांत वाईट पायरीवर पदार्थ स्वरतंतूंच्या खाली जातो आणि रुग्ण तो बाहेर टाकण्याचा कसलाही प्रयत्न करत नाही. खोकला नाही, ठसका नाही. आपल्या लोकांच्या मनात गिळण्यातल्या बिघाडाची एकच खूण पक्की आहे, ती ठसक्याची; ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असे ते समजतात. नेमकी हीच समजूत त्या पत्रकाने मोडायची असते. म्हणून ‘ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते’ हे वाक्य तिथे स्पष्ट यायला हवे. ‘मूक’ या शब्दातून ते कोणालाही कळत नाही.

माझी स्वतःची फजिती याच ठिकाणी झाली. सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयाच्या पत्रकासाठी मी ‘अन्नाचे चूषण टाळावे’ असे लिहिले होते. चूषण हा शब्द संस्कृतातून नीट घडलेला, वजनदार, आणि मला तेव्हा तो फार आवडला होता. छपाईपूर्वी पत्रक वॉर्डात वाचून घ्यावे असे ठरले. वडिलांच्या उशाशी बसलेल्या एका बाईंनी ते दोनदा वाचले, बोट त्या ओळीवर ठेवले आणि म्हणाल्या, “म्हणजे यांना चोखू द्यायचं नाही, असंच ना? मग मी प्यायची नळी काढून टाकते आणि ग्लासनंच पाजते.” वडिलांना थेरपिस्टने पातळ पदार्थ चमच्याने, थोडेथोडे द्यायला सांगितले होते. माझ्या शब्दाने त्यांना थेट ग्लासाकडे नेले असते. त्या दिवसापासून रुग्णासाठीच्या कोणत्याही मजकुरात चूषण हा शब्द मी लिहिलेला नाही, आणि वॉर्डात वाचून घेतल्याशिवाय पत्रक देत नाही.

त्याच भेटीत मी आणखी एक पाहिले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना ठसका लागला, तशी त्यांची सून “वर बघा, वर बघा” म्हणत त्यांच्या टाळूवर थापट्या मारू लागली. लहान मुलाला ठसका लागला की “वर बघ, चिमणी बघ” म्हणण्याची आपली घरोघरची रीत आहे. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या रुग्णात मान मागे टाकल्याने श्वासमार्ग अधिक उघडा पडतो; अनेकांना थेरपिस्ट उलट हनुवटी खाली घेऊन गिळायला शिकवतात. अर्थात प्रत्येक रुग्णाला कोणती ठेवण योग्य, हे त्याची तपासणी करणाऱ्यानेच सांगायचे असते. तुमच्या मूळ मजकुरात मानेच्या ठेवणीचे वाक्य असेल, तर ‘वर बघायला सांगू नका’ असे आपल्याकडच्या सवयीला धरून लिहिता येईल का, हे काम देणाऱ्यांना जरूर विचारा. भाषांतरकाराने मजकूर स्वतःच्या मनाने बदलू नये, पण विचारायला हरकत नसते.

याच कुळातले आणखी दोन प्रसंग तुमच्या वाट्याला येतील. बाळंतपणाच्या कागदात ‘मेकोनियम अॅस्पिरेशन’ असते. त्याला आपल्या बायका ‘बाळानं पोटातच शी केली आणि खाल्ली’ असे म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग अचूक आहे. दुसऱ्यात मात्र शी पोटात गेल्याचे सुचते, आणि धोका ती फुफ्फुसात जाण्याचा असतो. म्हणून मी ‘बाळाने पोटातच केलेली शी श्वासाबरोबर त्याच्या फुफ्फुसात जाणे’ असे लिहितो. दुसरा प्रसंग भूल देण्यापूर्वीच्या उपवासाचा. १९४६ साली मेंडेल्सन या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधील एका प्रसूती रुग्णालयातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून त्यांत भुलेच्या वेळी पोटातले पदार्थ फुफ्फुसात गेल्याच्या ६६ घटना नोंदवल्या, आणि तेव्हापासून उपाशीपोटी राहण्यामागचे कारण नीट समजले. इथे दिशा वेगळी आहे : अन्न आधी पोटातून उलटून वर येते आणि मग श्वासनलिकेत उतरते. म्हणून ‘उलटून वर येऊन’ हे शब्द गाळता येत नाहीत. ते गाळले तर माणसाला वाटते, सकाळी सहाला खाल्लेला उपमा केव्हाच पोटात गेला, आता तो श्वासनलिकेत कसा जाईल.

दुसरा मजकूर, गाठीच्या तपासणीचा. इथे सगळेच उलटे आहे. हलतात त्या गाठीतल्या पेशी, जातात त्या शरीरातून बाहेर, सिरिंजमध्ये, आणि हे डॉक्टर मुद्दाम करतात. केसांएवढी नव्हे, पण इंजेक्शनला वापरतात तशी बारीक सुई गाठीत घालतात, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून आत निर्वात दाब तयार करतात, सुई पुढे-मागे हलवतात आणि आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरतात. ‘बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून घेणे’ असे सरळ लिहावे. लोक तिला ‘सुईची तपासणी’ म्हणतात, आणि शीर्षकात तेच शब्द चालतील. फक्त ‘शोषण’ लिहू नका. कोशाच्या दृष्टीने तो शब्द चुकीचा नाही, परंतु आज मराठी माणूस शोषण हा शब्द वाचतो तो शेतमजुराच्या, कामगाराच्या संदर्भात, आणि ‘गाठीचे शोषण’ वाचून त्याला गाठीचीच कणव येईल.

‘अॅस्पिरेशन’ या एका नावाखाली जे काही काढतात, त्यासाठी बोलीत आधीच वेगवेगळी क्रियापदे आहेत. छातीत पाणी झाले तर ते ‘काढतात’, गुडघ्यातलेही ‘काढतात’, गळवातला पू सुईने ‘काढतात’. अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गाभ्याच्या, तपासणीत मात्र जपून लिहावे लागते, कारण नातेवाईक तिची गल्लत पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याच्या तपासणीशी करतात, आणि त्या तपासणीने माणूस पांगळा होतो अशी भीती अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. अस्थिमज्जा बहुधा कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूतून घेतात. ‘कमरेच्या हाडातून’ एवढे दोन शब्द टाकले की निम्मी भीती जाते.

म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच फायलीत हा शब्द दोन विरुद्ध दिशांनी येऊ शकतो. एका पानावर काहीतरी नको तिथे आत गेले, दुसऱ्या पानावर काहीतरी मुद्दाम बाहेर काढले. यावर वॉर्डातल्या मराठीने स्वतःच एक तोडगा काढला आहे, आणि तो मला कोणत्याही कोशापेक्षा सरस वाटतो. सिस्टर म्हणतात, “पेशंट रात्री अॅस्पिरेट झाला”, आणि नळीतून पोटातले पाणी ओढून पाहिले की म्हणतात, “मी अॅस्पिरेट केलं.” होणे आणि करणे. शब्द इंग्रजीच राहिला, पण घडले की केले, हा फरक मराठी क्रियापदाने उचलला. मूळ मजकुरातले एखादे वाक्य कोणत्या बाजूचे हे कळेनासे झाले, तर ते मनात वॉर्डातल्या मराठीत म्हणून पाहा. ‘झाला’ येते की ‘केलं’, यावरून बहुतेक वेळा उलगडा होतो.

तिसरा मजकूर, भाषाविज्ञानाचा. इथे तुमचे काम सर्वांत सोपे आहे, कारण ही संकल्पना आपल्याकडे इंग्रजीच्या कितीतरी आधीपासून आहे. व्यंजनाबरोबर हवेचा जो जादा झोत बाहेर पडतो तो महाप्राण, आणि अॅस्पिरेशन म्हणजे महाप्राणत्व. तळहात ओठांसमोर धरून आधी ‘पळ’ म्हणा आणि मग ‘खळ’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला हवा लागेल. ‘फळ’ मी मुद्दाम घेतले नाही, कारण पुष्कळ मराठी माणसे आता फ हा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणतात, आणि मग तो महाप्राण स्पर्श, म्हणजे हवा क्षणभर पूर्ण अडवून सोडलेले व्यंजन, राहत नाही. विद्यार्थ्यांना वर्गात हे करायला लावले की निम्मी मुले ‘सर, हवा लागतेय पण सरळ नाही, सगळीकडे पसरते’ असे म्हणत, आणि ती बरोबर असत.

टिपणांत एक जागा अडचणीची येईल. इंग्रजीत जोर देऊन उच्चारलेल्या अक्षराच्या आरंभी येणारे प, ट, क हे महाप्राण उच्चारले जातात आणि त्यांच्याआधी स आला की अल्पप्राण, म्हणजे जादा झोताशिवायचे, होतात. पण तिथे या फरकाने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे इंग्रजी माणसाला तो ऐकूही येत नाही. मराठीत मात्र ‘पार’ आणि ‘फार’, ‘काट’ आणि ‘खाट’, ‘डाळ’ आणि ‘ढाळ’ हे वेगळे शब्द आहेत. १९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन या भाषावैज्ञानिकांनी ११ भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्शव्यंजनांची मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत मराठी होती. क-ख-ग-घ असा चौपदरी भेद करणाऱ्या भाषा म्हणून हिंदी आणि मराठी तिथे निवडलेल्या होत्या. ओठ किंवा जीभ सुटणे आणि स्वरतंतूंचा कंप सुरू होणे यांतील काळ मोजून क आणि ख वेगळे काढता येतात, परंतु ग आणि घ त्या एका मापाने नीट वेगळे होत नाहीत, हे त्यातून दिसले. घ, झ, ढ, ध, भ यांत स्वरतंतू कंप पावत असतानाच हवा निसटते; म्हणून काही भाषावैज्ञानिक त्यांना खऱ्या अर्थाने महाप्राण मानायला तयार नसतात. तुमच्या टिपणांत हा वाद असेल तर सगळीकडे महाप्राण लिहून चालणार नाही; ‘सघोष’, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपासह, हे विशेषण लावून ‘सघोष महाप्राण’ असे लिहा.

आणखी एक गोष्ट, केवळ मला प्रिय म्हणून. मराठीने शब्दाच्या शेवटी पुष्कळदा महाप्राण सोडून दिला आहे. हिंदी ‘हाथ’ म्हणते, आपण ‘हात’. हिंदीची ‘भूख’ आपली ‘भूक’, तिची ‘भीख’ आपली ‘भीक’, ‘सीखना’चे आपण ‘शिकणे’ केले. दूध आणि वाघ मात्र राहिले. उलट म्हैस, न्हावी, कोल्हा, कुऱ्हाड यांत आपण अशा व्यंजनांना ह जोडला, ज्यांना जुन्या वर्णमालेत महाप्राण जोडीदारच नव्हता. टिपणांतली उदाहरणे इंग्रजीची असतील तर त्यांच्या जोडीला ही द्यायची परवानगी मागा. विद्यार्थी दुवा देतील.

आता ज्या अर्थाने ही सगळी गडबड सुरू झाली तो, आकांक्षा. संज्ञासूचीतला शब्द चुकीचा नाही. तो फक्त एका खोलीचा आहे आणि साऱ्या घराला पुरवला गेला आहे. या अर्थातही एकच शब्द सर्वत्र बसत नाही. लोकसमूहाबद्दल असेल तर ‘आशा-आकांक्षा’ ही जोडी मराठीला सहज येते. एकट्या माणसाबद्दल ‘महत्त्वाकांक्षा’ लिहिताना मी थबकतो, कारण आपल्याकडे महत्त्वाकांक्षी म्हटले की थोडा तिरका वासही येतो. निवडणुकीच्या बातमीत तिकिटासाठी धडपडणारा तो ‘इच्छुक’, आणि त्याची खिल्ली उडवायची तर त्याने ‘गुडघ्याला बाशिंग बांधले’ असे म्हणतात. पुण्यात खोली घेऊन अभ्यास करणारी मुले स्वतःला ‘अॅस्पिरंट’ म्हणवतात. छापील मजकुरात ती ‘स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी’ होतात, आणि तेच बरे.

सरकारी कागदांत तुम्हाला ‘आकांक्षित जिल्हे’ भेटतील. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने मागासलेपणाचा शिक्का टाळून ११२ जिल्ह्यांसाठी या नावाचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, त्यात आहेत. व्याकरणाने पाहिले तर आकांक्षित म्हणजे ‘ज्याची आकांक्षा धरली जाते ते’. ज्याला आकांक्षा आहे तो आकांक्षी, आणि हिंदीत ‘आकांक्षी’ असेच लिहितात. तरीही मी सरकारी मजकुरात ‘आकांक्षित’ असेच ठेवतो, कारण ते आता विशेषनाम झाले आहे आणि वाचणाऱ्याने तो कार्यक्रम ओळखणे हे माझ्या व्याकरणप्रेमापेक्षा महत्त्वाचे आहे. गडचिरोलीला बदलीची आकांक्षा धरणारे कर्मचारी किती, असा विनोद मात्र मी मित्रांत करतो.

मोटारींच्या मजकुरातला अर्थ दोन ओळींत संपतो. इंजिन बाहेरच्या हवेच्या साध्या दाबावर हवा आत ओढते की टर्बोने ती कोंबली जाते, एवढाच तिथे प्रश्न असतो. गॅरेजमध्ये ‘टर्बो’ आणि ‘बिगरटर्बो’ म्हणतात, आणि तुम्हीही म्हणा.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, देवनागरीत ‘अॅस्पिरेशन’ लिहिण्याचा. डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेल्या मजकुरात ते खुशाल चालेल. पक्षाघाताच्या पत्रकात मात्र मी ते टाळतो, आणि त्याचे एक अगदी साधे कारण आहे. त्याच रुग्णांपैकी पुष्कळांना अॅस्पिरिनची गोळी चालू असते. कमी उजेडात, चष्मा न लावता वाचणाऱ्या माणसाला ‘अॅस्पिरेशन टाळा’ आणि ‘अॅस्पिरिन टाळा’ यांतला फरक दिसेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अॅस्पिरिन हे नाव स्पायरिया या वनस्पतीच्या नावावरून आले आहे. पण गोळी बंद करायला संबंध लागत नाही, साम्य पुरते. तरीसुद्धा डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी शब्द असणारच, आणि नातेवाइकाला तो ओळखता यायला हवा. म्हणून मी पत्रकाच्या शेवटी, गोळ्यांच्या यादीपासून दूर, एकदाच लिहितो : ‘अन्न श्वासनलिकेत जाण्याला डॉक्टर अॅस्पिरेशन असे म्हणतात, तुमच्या कार्डावर हा शब्द असेल तर गिळण्याची तपासणी झाली आहे का, ते विचारा.’

संज्ञासूचीचे काय करायचे, तेही सांगतो. ती गुपचूप डावलू नका. पुढच्या भाषांतरकाराला सॉफ्टवेअर पुन्हा तेच वाक्य देईल. काम देणाऱ्या संस्थेला लिहा की, या एका ओळीच्या चार ओळी कराव्यात आणि प्रत्येकीपुढे विषय लिहावा : गिळण्यासंबंधी ‘श्वासनलिकेत जाणे’, तपासणीसंबंधी ‘सुईने ओढून घेणे’, ध्वनिविचारात ‘महाप्राणत्व’ आणि सामाजिक मजकुरात ‘आकांक्षा’. पहिल्या दोन ओळींत नामाऐवजी क्रियापद पाहून त्यांचा तपासनीस कदाचित हरकत घेईल, कारण अशा सूचींत नामापुढे नामच असावे असा नियम करून ठेवलेला असतो. तसे झाले तर ‘रुग्णाला अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे’ हे पूर्ण वाक्य ‘आकांक्षेचा धोका’च्या शेजारी ठेवून पाठवा, माझ्या अनुभवात त्यानंतर दुसरे पत्र लिहावे लागलेले नाही.